प्रार्थनेची चाल आणि बाजाराची चाल

डिसेंबर १९६३ च्या पहिल्या आठवड्यात कॅथलिक संगीताच्या इतिहासात दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडल्या. दि. ४ डिसेंबर रोजी रोममध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनाविधीसंबंधीचा आपला दस्तऐवज संमत केला. बाजूने २,१४७ मते पडली, विरुद्ध अवघी ४. या दस्तऐवजात धर्मसंगीतावर एक स्वतंत्र प्रकरण होते. त्यानंतर तीनच दिवसांनी, दि. ७ डिसेंबरच्या ‘बिलबोर्ड’ या अमेरिकन साप्ताहिकाच्या यादीत ‘दोमिनिक’ नावाचे एक फ्रेंच गाणे पहिल्या क्रमांकावर आले. ते गाणे एका बेल्जियन धर्मभगिनीने स्वतः रचले होते आणि गिटार वाजवीत गायिले होते.

या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. एक धर्मसभेतली, दुसरी बाजारातली. परंतु पुढच्या साठ वर्षांत या दोन वाटा वारंवार एकमेकींत मिसळत गेल्या. धर्मगुरूंनी लोकप्रिय संगीत कधी मंदिरात आणले, कधी ते स्वतःच त्या संगीताच्या रंगमंचावर गेले. आणि ज्यांनी आयुष्यभर त्याच मंदिरात गुडघे टेकले होते असे अनेक भाविक यामुळे मनातून दुखावले गेले. या दुखावण्याचा अभ्यास करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे. मी ख्रिस्ती नाही आणि संगीतशास्त्रात माझा अधिकार नाही. तरीही हा विषय मला जवळचा वाटला, कारण त्याला हिशेबाची एक बाजू आहे आणि तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. नवे संगीत चांगले की वाईट, या वादात दोन्हीकडच्या लोकांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. माझा प्रश्न निराळा आहे : भाविक दुखावले ते नेमके कशाने? नव्या चालीने, की आणखी कशाने?

उसनी चाल नवी नव्हे

प्रथम दोन शब्दांची ओळख करून घेऊ. मिस्सा ही कॅथलिकांची मुख्य उपासना. तिच्यातील ठरावीक प्रार्थना शेकडो वर्षे लॅटिन भाषेत म्हटल्या व गायिल्या जात. त्या गाण्याची सर्वांत जुनी पद्धत म्हणजे ग्रेगोरियन गान. त्यात सर्वजण एकच सूर गातात. वाद्यांची साथ मुळात नसते, तालाचा ठोका नसतो. शब्दांचा ओघ नेईल तशी चाल पुढे जाते. सहाव्या शतकातील पोप ग्रेगरी यांचे नाव त्याला चिकटले आहे खरे, परंतु त्यातील बहुतेक चाली कोणी बांधल्या हे कोणालाच ठाऊक नाही. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

लौकिक चाल धर्मसंगीतात घेणे हे विसाव्या शतकाचे पाप आहे असे कित्येकांना वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. पंधराव्या शतकात ‘शस्त्रधारी पुरुष’ अशा अर्थाचे एक फ्रेंच गाणे फार लोकप्रिय होते. त्यात देवाचे नाव नाही. त्याच चालीचा पाया घेऊन द्युफाय, जोस्कॅं, पुढे सोळाव्या शतकात पालेस्त्रीना अशा थोर रचनाकारांनी मिस्सा रचल्या. अशा मिस्सांची संख्या चाळीसच्या वर आहे. १५६२ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने कामुक व अशुद्ध संगीत मंदिराबाहेर ठेवावे असे बजावले. याचा अर्थ, तसे संगीत तोवर मंदिरात शिरलेले होते.

एकोणिसाव्या शतकात इटलीतील प्रार्थनामंदिरांत ऑपेराच्या थाटाचे गाणे सर्रास चाले. त्याला आळा घालण्यासाठी पोप दहावे पायस यांनी दि. २२ नोव्हेंबर १९०३ रोजी एक प्रसिद्ध आदेश काढला. ग्रेगोरियन गान हा धर्मसंगीताचा सर्वोच्च आदर्श असल्याचे त्यांनी सांगितले आणि पियानो, ढोल, झांजा अशा वाद्यांना मंदिरात बंदी केली. त्याच आदेशाने स्त्रियांनाही गायकवृंदात बसण्यास मनाई केली होती. तेव्हा जुने ते सारे सोने, असे निदान मी तरी म्हणणार नाही.

आपल्या मुलखाजवळचे उदाहरणही आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेले जेज्वीट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्याला आले. त्यांनी ख्रिस्ताची कथा मराठीत, ओवी छंदात सांगितली. ते ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. ज्ञानेश्वर-एकनाथांची ओवी एका परदेशी पाद्रीने उचलली आणि ख्रिस्ती श्रोत्यांच्या स्वाधीन केली. हीही उसनवारीच. परंतु येथे उसने घेतले ते लोकांच्याच जिभेवर रुळलेले होते. जात्यावर बसणारी बाईसुद्धा ओवी म्हणू शकत होती. तिला कोणा कलावंताची गरज नव्हती. उसनवारी आणि उसनवारी यांत हा फरक करावा लागतो. तो पुढील सर्व उदाहरणांना लावून पाहावा असे मी सुचवीन.

परिषदेने काय सांगितले होते

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२ ते १९६५) लॅटिन आणि जुने गान हद्दपार केले, असा एक समज आहे. दस्तऐवजातील मजकूर पाहिला तर चित्र निराळे दिसते. परंपरागत धर्मसंगीताचा ठेवा काळजीपूर्वक जतन करावा, इतर गोष्टी समान असता ग्रेगोरियन गानाला अग्रमान द्यावा, पाइप-ऑर्गन या वाद्याचा विशेष आदर राखावा, असे त्यात आहे. त्याचबरोबर लोकभाषेला अधिक वाव द्यावा, भाविकांनी नुसते मूक प्रेक्षक न राहता उपासनेत सक्रिय भाग घ्यावा, मिशनच्या प्रदेशांत तेथील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य स्थान द्यावे, आणि मंदिराच्या प्रतिष्ठेला साजतील अशी इतर वाद्येही घेता येतील, असेही आहे.

पुढे ५ मार्च १९६७ रोजी रोमहून धर्मसंगीताविषयी आणखी एक सूचनापत्र निघाले. त्यातील एक नियम मला फार मार्मिक वाटतो. जी वाद्ये सर्वसामान्य समजुतीने व वापराने केवळ लौकिक संगीताचीच मानली जातात, ती उपासनेत मुळीच वापरू नयेत, असा तो नियम. वाद्य स्वतः पवित्र वा अपवित्र नसते. ऐकणाऱ्याच्या मनात ते कशाची आठवण जागवते, यावर सारे अवलंबून आहे, असा त्याचा अर्थ.

नियम असा, आणि व्यवहार कसा? १९६५ पासून मिस्सा लोकभाषांत होऊ लागली. दि. ७ मार्च १९६५ रोजी पोप सहावे पॉल यांनी स्वतः रोममधील एका मंदिरात इटालियन भाषेत मिस्सा केली. जुनी लॅटिन गाणी नव्या भाषेत जशीच्या तशी बसेनात. एकदम नव्या गाण्यांची गरज निर्माण झाली आणि ती लगोलग हवी होती. मागणी मोठी, पुरवठा तोकडा. अशा वेळी बाजारात जो माल तयार असतो तोच उचलला जातो. तो काळ गिटारचा व बीटल्सचा होता.

रोम आणि शिकागो

दि. २७ एप्रिल १९६६ रोजी रोममध्ये ‘तरुणांची मिस्सा’ सादर झाली. स्थळ होते संत फिलिप नेरी यांच्या धर्मसंघाचे सभागृह. संगीत मार्चेल्लो जोंबीनी यांचे. हेच गृहस्थ पुढे काउबॉय-पटांना पार्श्वसंगीत देऊन प्रसिद्ध झाले. गाणारे तीन बीट वाद्यवृंद होते, विजेच्या गिटारी व ड्रम यांसह. या प्रयोगावर बरीच टीका झाली; परंतु त्याचे अनुकरणही इटलीत ठिकठिकाणी झाले. अमेरिकेत त्याच वर्षी रे रेप या तरुणाची ‘तरुण अमेरिकनांसाठी मिस्सा’ प्रसिद्ध झाली आणि अनेक धर्मग्रामांत रविवारी गिटार वाजू लागली.

येथे वाणिज्याच्या विद्यार्थ्याने थांबून पाहावे अशी एक गोष्ट घडली. रेप यांची गाणी एफ. ई. एल. नावाच्या प्रकाशनसंस्थेने छापली होती व त्यांचे कायदेशीर हक्क तिच्याकडे होते. कित्येक धर्मग्रामांनी ती परवानगीवाचून नकलून आपापल्या गीतपुस्तिकांत घातली. पूर्वापार चालत आलेली चाल नकलून घ्यायला कधी कोणाला विचारावे लागले नव्हते, ती सवय अंगवळणी पडलेली. १९७६ मध्ये प्रकाशकाने शिकागोच्या आर्चबिशपांच्या कार्यालयावर फिर्याद लावली. १९८४ मध्ये ज्यूरीने प्रकाशकाच्या बाजूने कौल देऊन एकूण सुमारे ३२ लाख डॉलरांची भरपाई ठरविली. पुढे वरच्या न्यायालयाने त्यातील मोठा भाग रद्द केला, तरी हक्कभंगाची गोष्ट शिल्लक राहिलीच.

या खटल्यात प्रकाशकाचा काही दोष होता असे मला वाटत नाही. गाणे ज्याने रचले व छापले त्याला मोबदला मिळाला पाहिजे. परंतु यातून झालेला बदल पाहा. ग्रेगोरियन चालीचा कर्ता अज्ञात होता, म्हणून ती चाल सर्वांची होती; गावच्या विहिरीसारखी सामाईक. नवी चाल ही मालमत्ता होती. तिला मालक होता, परवाना होता, मुदत होती. भाविक आजवर एका ठेव्याचे वारस होते, ते आता एका मालाचे ग्राहक झाले. हा बदल कोणी ठराव करून केला नाही, आणि म्हणूनच तो फार उशिरा लक्षात आला.

एका धर्मभगिनीचा हिशेब

आता प्रारंभी उल्लेखिलेल्या ‘दोमिनिक’ या गाण्याकडे वळू. जानीन डेकर्स यांचा जन्म १९३३ मध्ये ब्रसेल्स येथे झाला. १९५९ मध्ये त्या वॉटर्लूजवळच्या फिशेरमों येथील दोमिनिकन धर्मभगिनींच्या मठात दाखल झाल्या. मठात येणाऱ्या तरुण मुलींसाठी त्या गिटारवर स्वतः रचलेली गाणी गात. ‘दोमिनिक’ हे त्यांच्या धर्मसंघाचे संस्थापक संत दोमिनिक यांच्यावरचे साधे, खेळकर गाणे. मुलींना ती गाणी आवडली, म्हणून काही तबकड्या काढून घ्याव्यात असे ठरले आणि फिलिप्स कंपनीने ध्वनिमुद्रण केले.

कंपनीने त्या तबकड्या बाजारात आणल्या, त्याही कलावंताचे खरे नाव न देता. ‘हसरी भगिनी’ अशा अर्थाचे एक फ्रेंच नाव त्यांना दिले. गाणे अमेरिकेत चार आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. पुढच्या वर्षी ग्रॅमी पारितोषिक मिळाले. १९६६ मध्ये हॉलिवूडने त्यांच्यावर चित्रपट काढला. सारे जग त्यांच्या हसऱ्या चेहऱ्याकडे पाहत होते. पैसा आला तो कंपनीकडे आणि मठाकडे गेला. त्यांनी स्वतः तर दारिद्र्याचे व्रत घेतले होते.

१९६६ मध्येच डेकर्स मठातून बाहेर पडल्या. श्रद्धा त्यांनी सोडली नव्हती. त्यांना गाणे पुढे चालवायचे होते, परंतु ‘हसरी भगिनी’ हे नाव वापरण्याचा हक्क त्यांना नव्हता. आमच्या पुस्तपालनाच्या पाठ्यपुस्तकात ‘ख्याती’ नावाची एक अमूर्त मालमत्ता असते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण धंद्याची सगळी पत तिच्यावर चालते. डेकर्स यांच्या कंठाने व कष्टाने निर्माण झालेली ख्याती दुसऱ्याच्या ताळेबंदात होती. नव्या नावाने काढलेल्या तबकड्या चालल्या नाहीत. १९६७ मध्ये त्यांनी संततिनियमनाच्या गोळीची स्तुती करणारे गाणे रचले. त्याने जुने श्रोतेही बिथरले.

१९७० च्या दशकात बेल्जियमच्या करखात्याने ‘दोमिनिक’च्या उत्पन्नावरील कर त्यांच्याकडे मागितला. रक्कम सुमारे ६३ हजार डॉलर होती. पैसा मठाला दिला, असे त्यांचे म्हणणे. परंतु त्याची पावती त्यांच्याजवळ नव्हती. प्रमाणकाशिवाय नोंद नाही, हा नियम आम्ही पहिल्या वर्षाला शिकतो. मठात प्रवेश करताना मुलगी पावत्या सांभाळण्याच्या विचाराने जात नाही, हे मात्र कोणत्याही पुस्तकात नाही. कर फेडता यावा म्हणून १९८२ मध्ये त्यांनी त्याच गाण्याची डिस्को आवृत्ती काढली. तीही चालली नाही. दि. २९ मार्च १९८५ रोजी बेल्जियममधील वाव्र येथे त्यांनी व त्यांच्या जिवलग मैत्रिणीने आपले जीवन संपविले.

हे वाचले तेव्हा मला फार वेळ दुसरे काही वाचवेना. त्या मुलीने गिटार मठात आणली यात अपराध नव्हता. गाणे निर्मळ होते, गाणारीही निर्मळ होती. परंतु तिचे गाणे बाजारात पाठविणाऱ्यांनी तिच्यासाठी काही राखून ठेवले नाही. नफा वाटला गेला आणि तोटा तेवढा एकटीच्या नावावर पडला.

दुखावलेल्यांचे म्हणणे

सामान्य भाविकांच्या नाराजीची नोंद सहसा कोठे होत नाही, कारण ते पत्रके काढत नाहीत; शेवटच्या बाकावर जाऊन बसतात, किंवा येईनासे होतात. परंतु एका नाराजीची नोंद जगजाहीर आहे. १९७१ मध्ये इंग्लंडमधील अनेक लेखक-कलावंतांनी पोप सहावे पॉल यांना विनंती केली की, जुनी लॅटिन मिस्सा पूर्णपणे बंद करू नये. या विधीने संगीत, काव्य, शिल्प अशा साऱ्या कलांना जन्म दिला आहे, तो सर्व मानवजातीचा ठेवा आहे, असा त्यांचा मुद्दा होता. सह्या करणाऱ्यांत कॅथलिक ग्रॅहम ग्रीन होते, तशाच ॲंग्लिकन अगाथा ख्रिस्ती होत्या आणि ज्यू धर्मीय व्हायोलिनवादक यहुदी मेनुहिनही होते. दि. ५ नोव्हेंबर १९७१ रोजी इंग्लंड व वेल्सपुरती ती परवानगी मिळाली. ‘ठेवा’ हा शब्द परिषदेनेही वापरला होता. आपल्यासाठी विश्वस्त म्हणून सांभाळलेली वस्तू विश्वस्तांनीच मोडीत काढली, अशी ही भावना होती.

दुसरे म्हणणे धर्मसंस्थेच्या आतूनच आले. कार्डिनल योसेफ राट्झिंगर, म्हणजेच पुढे पोप झालेले सोळावे बेनेडिक्ट, यांनी २००० साली प्रसिद्ध झालेल्या उपासनेवरील आपल्या ग्रंथात पॉप संगीताला कारखानी उत्पादन म्हटले आहे. उपासनेच्या मध्ये एखाद्या मानवी कर्तबगारीला टाळ्या पडू लागल्या, की उपासनेचे सार हरपले असे समजावे, अशा आशयाचे त्यांचे विधान आहे. त्यांची सगळीच मते पटोत वा न पटोत, टाळ्यांचा मुद्दा मला अचूक वाटतो. टाळी देवाला नसते, ती गायकाला असते. टाळी वाजली त्या क्षणी उपासक प्रेक्षक होतो आणि वेदी रंगमंच होते.

हे समजण्यासाठी मला युरोपात जावे लागत नाही. माझ्या आजोबांनी पस्तीस वर्षे गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजविला. पुढे मंडळातील तरुण मंडळींनी सिनेमाच्या चालींवर अभंग बसविले. गर्दी वाढली, बक्षिसेही मिळाली. आजोबा कोणाशी भांडले नाहीत. त्यांनी पखवाजाला गवसणी घातली ती कायमची. “चाल ऐकली की पडदा दिसतो, पांडुरंग दिसत नाही,” एवढेच ते आजीला म्हणाले. रोमच्या १९६७ च्या नियमात जे सांगितले आहे, तेच आमच्या आजोबांनी कोणताही दस्तऐवज न वाचता सांगितले होते.

बाजाराचा उलटा न्याय

या इतिहासातील एक विनोद मात्र सांगितला पाहिजे. स्पेनमधील सांतो दोमिंगो दे सिलोस येथील बेनेडिक्टाइन साधूंच्या ग्रेगोरियन गायनाची काही जुनी ध्वनिमुद्रणे १९९४ मध्ये एका नामांकित कंपनीने नव्याने बाजारात आणली. त्या साधूंनी कसलाही नवा साज चढविला नव्हता. ते रोज गात तसेच गायिले होते. हा संग्रह अमेरिकेच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढला आणि जगभर त्याच्या लक्षावधी प्रती खपल्या. म्हणजे तरुणांना आवडणार नाही म्हणून अनेक धर्मग्रामांनी जे फडताळात टाकले होते, तेच तरुण दुकानात जाऊन पैसे मोजून घेत होते. ग्राहकाला काय हवे याचा अंदाज बांधणे व्यापाऱ्यालाही सोपे नसते. धर्मगुरूंना तर तो धंदा मुळीच शिकविलेला नसतो.

तरीही प्रयोग चालूच राहिले. दि. २७ सप्टेंबर १९९७ रोजी बोलोन्या येथे बॉब डिलन पोप दुसरे जॉन पॉल यांच्यासमोर गायिले. पोपांनी डिलन यांच्या ‘ब्लोइंग इन द विंड’ या गाण्यातील वाऱ्याचा धागा धरून तरुणांना पवित्र आत्म्याविषयी सांगितले. कार्यक्रम देखणा झाला. राट्झिंगर यांना मात्र तो त्या वेळीही रुचला नव्हता, आणि पोप झाल्यावर २००७ मध्ये त्यांनी ते लिहूनही ठेवले.

२०१४ मध्ये इटलीत सिस्टर क्रिस्तीना स्कूच्चा या तरुण धर्मभगिनी दूरदर्शनवरील ‘द व्हॉइस’ ही स्पर्धा जिंकल्या. जिंकल्यावर त्यांनी रंगमंचावरच प्रभूची प्रार्थना म्हटली. त्याच वर्षी त्यांचे पहिले गाणे निघाले, ते मडोनाच्या ‘लाइक अ व्हर्जिन’ या गाण्याची नवी आवृत्ती. हे गाणे एका धर्मभगिनीने गावे, या कल्पनेतच जाहिरात होती. कॅथलिक वर्तुळातून टीका झाली. २०२२ मध्ये त्यांनी आपण धर्मसंघ सोडल्याचे आणि स्पेनमध्ये वाढपिणीचे काम करीत असल्याचे जाहीर केले. त्यांच्या निर्णयाचा न्याय करण्याचा मला अधिकार नाही. परंतु डेकर्स यांच्यानंतर पन्नास वर्षांनीही एकट्या मुलीच्या खांद्यावर एवढ्या मोठ्या संस्थेने आपली प्रसिद्धी ठेवावी, याचे नवल वाटते.

दुसरी बाजू

दुसरी बाजू न मांडता निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. पोर्तुगालचे फादर गिलेर्मे पेशोटो यांचे उदाहरण घेऊ. आपल्या धर्मग्रामाचे कर्ज फेडण्यासाठी पैसा उभारताना ते डी. जे. झाले. दि. ६ ऑगस्ट २०२३ रोजी लिस्बन येथील जागतिक युवा दिनाच्या सांगता-मिस्सेपूर्वी, उघड्यावर झोपलेल्या लाखो तरुणांना त्यांनी पहाटे आपल्या संगीताने जागे केले. नोव्हेंबर २०२५ मध्ये स्लोव्हाकियातील कोशित्से येथे कॅथेड्रलच्या पटांगणात त्यांचा कार्यक्रम झाला, तेव्हा पोप चौदावे लिओ यांचा चित्रित संदेशही दाखविण्यात आला. यावर काही भाविक संतापले. परंतु हे सारे मिस्सेच्या बाहेर, पटांगणात झाले, हे विसरता कामा नये. जत्रेत पिपाणी वाजते म्हणून कोणी गाभाऱ्याचा अपमान झाला असे मानीत नाही.

शिवाय साठ वर्षांत युरोपातील मंदिरे ओस पडत गेली, त्याचे सारे खापर गिटारवर फोडणेही अन्यायाचे होईल. बदललेले समाजजीवन, संततिनियमनावरील १९६८ चा वादग्रस्त आदेश, धर्मगुरूंकडून झालेल्या बालशोषणाची उघडकीस आलेली प्रकरणे, अशी कितीतरी मोठी कारणे आहेत. शिवाय असेही असंख्य भाविक आहेत की ज्यांना लोकभाषेतील साध्या गाण्यांमुळे आयुष्यात प्रथमच आपल्या प्रार्थनेचा अर्थ कळला. त्यांचा आनंद खोटा नव्हता.

निष्कर्ष

एवढ्या विवेचनावरून माझे मत असे झाले आहे की, भाविकांचा भ्रमनिरास चाल बदलल्यामुळे झालेला नाही. चाली पूर्वीही बदलल्या. भ्रमनिरास झाला तो नाते बदलल्यामुळे. आपण या घरचे आहोत अशा समजुतीने आलेल्या माणसाला, आपल्याला गिऱ्हाईक म्हणून आकर्षित केले जात आहे असे एके दिवशी जाणवते. दुकानदाराने लावलेली रोषणाई गिऱ्हाइकाला सुखावते. घरच्या माणसाला तीच रोषणाई परके करून जाते.

म्हणून धर्मसंगीतात नवी चाल घेताना तीन प्रश्न विचारावेत असे मला वाटते. हे प्रश्न कॅथलिकांपुरते नाहीत. अभंग आळविणाऱ्या आणि पुरंदरदासांची पदे गाणाऱ्या आपल्या दोन्ही भाषांच्या घरांनाही ते तितकेच लागू आहेत. पहिला : ही चाल जमलेल्या सर्वांना गाता येईल, की थोड्यांनी गायची व बाकीच्यांनी ऐकायची? दुसरा : ती ऐकताना मनासमोर देव येतो, की ती जेथून आणली तो रंगमंच? आणि तिसरा, जो आम्ही वाणिज्याचे विद्यार्थी विचारू शकतो : यात नफा झाला तर तो कोणाच्या खात्यावर जमा होणार, आणि तोटा झाला तर कोणाच्या नावे पडणार?

स्टीफन्स यांची ओवी या तिन्ही प्रश्नांना उतरते. ‘दोमिनिक’ पहिल्या दोहोंना उतरत होते. सोपे होते, निर्मळ होते. तिसरा प्रश्न मात्र जानीन डेकर्स यांच्या बाजूने कोणी विचारला नाही.